बुधवार, शनिवार, साडेआठ ते दहा

नव्याने लाइव्ह करू पाहणारी मंडळी मला विचारतात ती माइकबद्दल, कॅमेऱ्याबद्दल, लॅपटॉप कोणता घ्यावा याबद्दल. ही सगळी खरेदी एका सुट्टीच्या दिवशी उरकते. माझा कस लागला तो वेळ ठरवण्यात, आणि ठरवलेली वेळ घर, नोकरी आणि स्वतःची झोप या तिन्हींच्या मधे बसवण्यात. म्हणून मी लिहिते आहे तेही तेवढ्याबद्दलच.

मी यूट्यूबवर मराठीतून बुद्धिबळ खेळते आणि शिकवते. राहायला ठाणे पूर्वेला, कोपरीत. नोकरी तुर्भ्याला, एका वाहतूक कंपनीच्या अकाउंट्समधे. घरात सासूबाई, नवरा, दहावीतली मुलगी आणि मी, आणि घर वन बीएचके. शाळेत असताना आंतरशालेय स्पर्धा खेळायचे. तेव्हा आमच्या सरांच्या तोंडी सतत खाडिलकर भगिनींचं नाव असायचं. वासंती, जयश्री, रोहिणी. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या, तो प्रसंग सर दर वर्षी नव्या मुलींना सांगत. पुढे लग्न, नोकरी, मूल, यात पट कपाटावर गेला. मुलीला शिकवायला म्हणून तो खाली काढला, आणि मराठीतून नीट समजावून सांगणारं कुणी हवं, असं तेव्हा वाटू लागलं. तिथून हे सुरू झालं.

लाइव्ह का, रेकॉर्ड करून का टाकत नाही, असं बरेच जण विचारतात. बुद्धिबळात समोरचा काय विचार करतो ते त्या क्षणी ऐकण्यात खरी गंमत आहे. एखादी कोंडी पटावर मांडली की कुणी म्हणतं घोडा घ्या, कुणी म्हणतं आधी हत्तीने शह द्या, आणि त्या चुकीच्या चालींवर बोलण्यातूनच शिकवणं होतं. ती माणसं त्या वेळी तिथे असायला हवीत. आणि ती यायला हवी असतील, तर मी कधी असणार हे त्यांना पक्कं ठाऊक असायला हवं.

सुरुवातीला मी दिवस ठरवलेच नाहीत, आधी वही केली. महिनाभर रोज रात्री झोपण्याआधी दोनच गोष्टी लिहायच्या: घरात पाऊल किती वाजता पडलं, आणि हातातलं सगळं काम संपून मी मोकळी कधी झाले. घरी यायची वेळ बऱ्यापैकी ठरलेली निघाली. तुर्भे ते ठाणे हा ट्रान्स हार्बर लोकलचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला, आणि ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरलं की कोपरी पायी गाठता येते. ही लाइन २००४ साली सुरू झाली. त्याआधी ठाण्याहून तुर्भे-वाशीला नोकरीला जाणाऱ्यांना बस नाहीतर कुर्ल्याचा वळसा, असे हाल होते. तेव्हा ही नोकरी असती, तर संध्याकाळचं काही ठरवणं मला जमलंच नसतं. मोकळं व्हायची वेळ मात्र सव्वासात ते सव्वानऊ अशी कुठेही हलत होती. ती का हलते, हे वहीतल्या तारखांनीच दाखवलं.

हिशेबाचं काम करणाऱ्याचा महिना वारांवर चालत नाही, तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापलेला कर, भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण. २० ला ३बी, म्हणजे जीएसटी भरण्याचं महिन्याचं विवरण. या तारखांच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी ऑफिसातून किती वाजता सुटेन ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लाइव्हचं वेळापत्रक मात्र वारांवर चालतं, कारण बघणाऱ्याच्या लक्षात वार राहतो. ‘बुधवारी असतं’ हे कुणालाही आठवेल. ‘दर महिन्याच्या आठ, चौदा आणि बावीसला’ कोण लक्षात ठेवणार? मग मी काय केलं, तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर माझ्या तारखा लाल पेनने गोल केल्या, आणि प्रत्येक वारावर पुढच्या सहा महिन्यांत किती गोल पडतात ते मोजलं. त्यात फारसा फरक निघाला नाही, तारखा फिरत्याच असतात. पण आणखी गोष्टी जोडत गेले तसे वार गळत गेले. सोमवारी दोन दिवसांचं साचलेलं काम. गुरुवारी सासूबाईंचा दत्ताचा नेम, घरात आरती आणि दोन-चार बायका. शुक्रवारी मुलीचा क्लास उशिरापर्यंत, तिला आणायला जावं लागतं. मंगळवारी नवऱ्याची ऑफिसची मीटिंग रात्री असते आणि त्याला खोली लागते. रविवारी मेगाब्लॉक, पाहुणे, बाजार. हाती उरले बुधवार आणि शनिवार.

तिसरा दिवसही खेचून काढता आला असता, वहीत तशा जागा दिसत होत्या. मी काढला नाही. वेळापत्रक ठरवताना आपण बहुतेकदा आपला चांगला आठवडा डोळ्यांपुढे धरतो. मी वहीतला सगळ्यात वाईट आठवडा काढला, ज्यात २० तारीख होती, मुलीला ताप होता आणि पावसाने गाड्या रखडल्या होत्या, आणि त्या आठवड्यातही जे जमलं असतं तेवढंच जाहीर करायचं ठरवलं. हे मला आजही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आठवड्यातून दोनदा येणारी आणि हटकून येणारी व्यक्ती लोकांच्या आठवड्याचा भाग होते. पाचदा जाहीर करून तीनदा येणाऱ्याची कुणी वाट बघत नाही.

वेळ साडेआठची. त्याचं कारण बाहेरच्या खोलीतला टीव्ही. सासूबाईंच्या दोन मालिका आठ ते नऊच्या मधे लागतात. त्या वेळी घरातलं कुणी आतल्या खोलीत काही मागायला येत नाही, ही मोठीच सोय. पण कुकरचा प्रश्न होता. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यात एक पातळ भिंत. पहिल्या चाचणीत कुकरची शिट्टी माइकमधे अशी घुसली की ऐकणाऱ्याने हेडफोन काढून ठेवले असते. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “अगं, बुधवार-शनिवार मी भात साडेसातलाच लावत जाईन. तुझं सुरू झालं की फक्त पोळ्या.” पोळ्यांचा आवाज येत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या दोन वारी कुकर आठच्या आत उतरतो, आणि मला वाटतं, माझ्या चॅनेलचं वेळापत्रक खऱ्या अर्थाने त्या वाक्याने पक्कं झालं. घरातल्या माणसांना जे वेळापत्रक ठाऊक नाही ते टिकत नाही.

संकष्टीचाही विचार करावा लागला. चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री आठ-साडेआठ ते दहाच्या मधेच कुठेतरी असतो, म्हणजे नेमका माझ्या वेळेत. नैवेद्याचं ताट मी सव्वाआठपर्यंत तयार ठेवते. पुढचं सासूबाई आणि नात मिळून करतात, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

आता संपण्याची वेळ. सुरू कधी करायचं यावर सगळे बोलतात, थांबायचं कधी यावर कुणी बोलत नाही. मी मात्र दहा ही वेळ आधी ठरवली आणि साडेआठ नंतर. सकाळी पाच-वीसला पाणी येतं, डबे तिघांचे, आणि मला सात तास झोप नसेल तर दुसऱ्या दिवशी आकडे चुकतात. लाइव्ह संपलं की लगेच झोप लागत नाही, डोकं तासभर तरी चालू राहतं. दहाला थांबलं तरच हिशेब जुळतो. बघणाऱ्यांचंही तसंच. माझ्याकडे येणारे बरेच जण सकाळची लोकल पकडणारे आहेत. कार्यक्रम दहाला संपतो हे माहीत असलं की माणूस निवांत बसतो, अर्ध्यातून उठून जात नाही.

शिवाय इमारतीत रात्री आवाज नको हे आपलं आपल्याला कळायला हवं. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा कायद्याने बंदी आहे. माझा माइक काही लाउडस्पीकर नव्हे, पण मी जोरात बोलते, आणि भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे.

बुद्धिबळात थांबणं मात्र सोपं नाही, कारण डाव अर्ध्यावर सोडता येत नाही. तिथे गणित कामाला आलं. ऑनलाइन डावाला वेळ असा असतो: प्रत्येकाला सुरुवातीला काही मिनिटं, आणि प्रत्येक चालीमागे काही सेकंदांची भर. दहा-पाचचा डाव म्हणजे दहा मिनिटं आणि चालीमागे पाच सेकंद. डाव चाळीस चालींचा झाला तर पाच गुणिले चाळीस, दोनशे सेकंद, म्हणजे एकेकाला तेरा मिनिटं वीस सेकंद. दोघांचे मिळून सत्तावीस मिनिटांच्या आत. पंधरा-दहाचा डाव याच हिशेबाने त्रेचाळीस मिनिटांच्या वर जातो. त्यावरून मी नियम बांधला: पंधरा-दहाचा डाव फक्त पहिला. नऊ वाजून वीस मिनिटांनंतर दहा-पाचचाही नवा डाव सुरू करायचा नाही. उरलेल्या वेळेत कोडी, कारण कोडं कुठेही थांबवता येतं. चाळीस चालींच्या पुढे डाव लांबला तर त्यासाठीही त्यात थोडी जागा राहते.

दोन दिवसांचे विषयही वेगळे ठेवले. बुधवारी कोडी आणि एखादा जुना डाव उलगडून दाखवणं. शनिवारी प्रेक्षकांबरोबर डाव, लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर, कारण ते पूर्ण मोफत आहे आणि शाळकरी मुलांनाही खातं काढता येतं. हे डाव मी अनरेटेड, म्हणजे गुणांत न धरले जाणारे, ठेवते. मी मोठ्याने विचार करत खेळते, तो विचार समोर खेळणारा ऐकू शकतो, आणि चॅटमधे कुणी चाल सुचवली तर ती बाहेरून मिळालेली मदत ठरते. गुणांचे डाव असे खेळणं बरोबर नाही. बुधवारी मात्र सुचवण्यावरच सगळं उभं आहे, म्हणून त्या दिवशी लेटन्सी, म्हणजे माझं चित्र-आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, अगदी कमीची निवडते. त्यात बघणाऱ्याकडे चित्र अडकण्याची शक्यता थोडी वाढते, पण माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर यांत फार अंतर पडत नाही.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगते. यूट्यूबवर लाइव्ह सुरू करायचं तर फोन नंबरची पडताळणी लागते, आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे ‘आज रात्री पहिलं लाइव्ह’ असं आधीच सांगून बसू नये. मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर वापरून करायला ही अट नाही, म्हणून मी लॅपटॉपच धरला. ओबीएस मोफत आहे. त्यातली माझी सेटिंग अशी: चित्र ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम, वेग चार एमबीपीएस (सेकंदाला चार मेगाबिट), कीफ्रेम, म्हणजे संपूर्ण नवं चित्र, दोन सेकंदांनी. इंटरनेटचा अपलोडचा वेग तपासायचा, डाउनलोडचा नव्हे, आणि तो आपल्या ठरलेल्या वेळेला तपासायचा. दुपारी तीनला आलेला आकडा रात्री नऊला उपयोगाचा नाही, कारण तेव्हा अख्खी इमारत काहीतरी बघत असते. चार एमबीपीएसने दीड तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास डेटा जातो. ब्रॉडबँड गेलं तर फोनच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दोन जीबीच्या पॅकमधे ते बसत नाही. म्हणून ओबीएसमधे दुसरं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा दुसरा संच, तयार ठेवलं आहे: ४८०पी, दीड एमबीपीएस. दीड तासाला एक जीबी. पट हलत नसतो, फक्त मोहरी हलतात, त्यामुळे चित्र चालून जातं. एका शनिवारी आमच्या भागात केबल तुटली तेव्हा याच प्रोफाइलवर सगळं पार पडलं.

जाहीर करायच्या आधी मी बरेच आठवडे अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारं, लाइव्ह केलं, त्याच वारी, त्याच वेळी, अगदी खरं असल्यासारखं. बघणारा एकच, बाहेरच्या खोलीत नवरा, मोबाइलवर. तो सासूबाईंच्या मालिकेशेजारी बसून मला चॅटमधे लिहायचा: “आवाज बारीक.” “घड्याळ दिसत नाही.” “नऊ वीस झाले, डाव नको.” या आठवड्यांत मी वेळापत्रक जगून पाहिलं. कंटाळा कुठे येतो, घसा कधी बसतो, जेवण आधी बरं की नंतर, हे सगळं कुणाला शब्द देण्याआधी कळलं. जेवण आधी, आणि हलकं.

मग जून २०२५ मधे, शाळा सुरू झाल्यावर, जाहीर केलं. दर रविवारी दुपारी मी आठवड्यातली दोन्ही लाइव्ह शेड्यूल करून टाकते. त्यामुळे त्यांचं पान आधीच दिसतं, कुणाला आठवण लावायची असेल तर लावता येते. पहिल्या काळात बघणारे बोटांवर मोजण्याइतके होते. तो आकडा मी माझ्या स्क्रीनवर दिसू देत नव्हते, कारण तो बघून आवाज पडतो. साडेआठच्या ठोक्याला पहिलं कोडं. ‘अजून थोडे लोक येऊ देत’ म्हणून थांबायचं नाही. वेळेवर आलेल्या माणसाला ताटकळत ठेवून उशिरा येणाऱ्याची वाट बघणं मला पटत नाही.

यूट्यूब स्टुडिओत आपले प्रेक्षक कोणत्या तासाला असतात ते जांभळ्या खांबांनी दाखवणारा तक्ता असतो. नवीन चॅनेलला तो रिकामाच दिसतो, पुरेशी माहिती जमलेली नसते. मी सरळ विचारलं. बदलापूरचे एक काका म्हणाले, “मी नऊला घरी पोचतो, पहिला अर्धा तास गाडीतच ऐकतो.” म्हणून पहिल्या अर्ध्या तासात मी प्रत्येक चाल तोंडाने सांगते, पटावरच्या घराच्या नावासकट, नुसतं बाण काढून दाखवत नाही. साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका जेवून, भांडी आवरून येतात. दुबईत काम करणारा एक मुलगा आहे, त्याचे तेव्हा सात वाजलेले असतात. तो ऑफिसातून निघताना लावतो.

वेळापत्रकाची खरी परीक्षा जुलैत झाली. सोमवारी, २८ जुलै २०२५ ला, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीमधे टायब्रेकवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या रॅपिड (कमी वेळाच्या) डावांत, कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली. माझा फोन थांबेना. ताई, आज रात्री लाइव्ह या, आत्ता सगळे बघतील. मलाही उचंबळून आलं होतं, डोळे भरले होते. तरी मी गेले नाही. २८ तारखेला गेले असते तर लोक आले असते, पण बुधवारी येणाऱ्यांचा बुधवार शिळा झाला असता. त्या दोन रात्री मी रॅपिडचे दोन्ही डाव नीट बघितले, कुठे काय बोलायचं ते लिहून काढलं, आणि ३० तारखेला साडेआठला पट मांडला. त्या दिवशी कितीतरी आया आपल्या मुलींना घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी अजून येतात, आणि त्यांना माझा वार शोधावा लागत नाही.

सुट्ट्यांचंही वेळापत्रक असतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी बंद दिवस लिहून टाकते. २० सप्टेंबर, म्हणजे ३बीची तारीख, शनिवारी आली, तो दिवस आधीच बंद लिहिलेला होता. गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला, आणि अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला. दोन्ही माझेच वार. शेजारच्या मंडळाचा मांडव आमच्या खिडकीखाली असतो, तेव्हा ते सगळे दिवस बंद. दिवाळीत पाडवा बुधवारी, २२ ऑक्टोबरला आला, तोही बंद. बुडालेल्या दिवसाच्या बदल्यात दुसरा वार मी कधीच देत नाही. लोक आग्रह करतात, मलाही वाईट वाटतं. पण एकदा का बुधवारचं गुरुवारी चालतं असं झालं, की पुढच्या बुधवारी लोक आधी विचारतात, आज आहे का? तो प्रश्न कुणाला पडू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

फेब्रुवारी-मार्चमधे मुलीची दहावीची परीक्षा, आणि मार्चअखेर म्हणजे आमच्या धंद्यात जीव मेटाकुटीला येण्याचा काळ. त्या दोन महिन्यांत फक्त शनिवार. हे मी दिवाळीनंतर लगेच चॅनेलवर लिहून टाकलं आहे. मुलीने ते वाचलं आणि विचारलं, “आई, माझ्यामुळे बंद करतेयस का?” तिला कालनिर्णयचं मार्चचं पान दाखवलं, लाल गोलांनी भरलेलं, तेव्हा पटलं.

लहान मुलांसाठी रविवारी सकाळी तासभर काहीतरी करा, अशी मागणी आता बऱ्याच आयांकडून येते आहे. मला ते मनापासून करायचं आहे. रविवारी दहा ते अकरा या वेळेत घर कसं असतं, ते सध्या वहीत लिहिते आहे. त्यानंतर काही आठवडे अनलिस्टेड, नवऱ्याऐवजी भाचीला समोर बसवून, कारण सात वर्षांचं मूल एका जागी किती वेळ बसतं ते तिच्याकडूनच कळेल. जाहीर करायचं की नाही, ते एप्रिलमधे बघेन.